पुढचे शॉकअप

भाऊ, जीपचे पुढचे दोन्ही शॉकअप गेले होते. डाव्याचं तेल गळून नळीवर मातीचा थर बसला होता, उजवा दाबला की दाबलेलाच राहायचा. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आईला वीस. लष्कराच्या लिलावात तुम्ही घेतलेली ही जीप मी वडिलांची आठवण म्हणून विकली नाही. दर रविवारी चिंचवडहून गावी येतो, ती सुरू करतो, पुलापर्यंत नेऊन आणतो. गेल्या रविवारी पुलावरच्या सांध्यावर तिचं तोंड आदळलं आणि हेलकावे खात राहिलं. म्हणून काल तिला लोणावळ्याला तुमच्या मिस्त्रींकडे नेलं. तुम्ही होता तोवर मी त्यांच्याकडे एकदाही गेलो नव्हतो. शाळा न शिकलेला माणूस, मापं कसली घेणार, असं मला वाटायचं.

मिस्त्री आता खुर्चीत बसून काम सांगतात. मी फोनवर दोन प्रकार काढून ठेवले होते, एक गॅसचा, कडक, आणि एक साध्या तेलाचा, मऊ. त्यांनी फोनकडे पाहिलं नाही. गाडी जॅकवरून उतरवून चाकांवर उभी करायला लावली, कारण लोंबकळत्या चाकाचं माप खोटं येतं. मग काठी टेकत स्वतः आले, शॉकअपच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सुतळी ताणली, गाठ मारली आणि विचारलं, "फुडं कोण बसणार हाय?"

मी म्हणालो, "कोणी नाही. मी एकटाच."

"मग मऊ काय आन् कडक काय," ते म्हणाले. खाली वाकून त्यांनी पुढच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, लोखंडी पाटे बोटानं मोजले. पाटे जितके जास्त तितकी गाडी कडक, हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. "ह्ये दोन-दोन पाटं तूच घातलं व्हतंस न्हवं परत? म्या काढल्यालं."

मी विचारलं, का काढले होते? मला ठाऊक नाही हे त्यांना खरं वाटेना.

वीस वर्षांपूर्वीची हीच जीप: आई पुढच्या सीटवर बसली आहे, पाठीमागे दोन गोधड्या. आजार मणक्यात उतरला आहे. तिला रोज पुण्याला किरणांचा शेक द्यायला न्यायचं असतं. यानं आजार जाणार नाही, दुखणं कमी होईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. तुम्ही सकाळी लोणावळ्याच्या हॉटेलांना दुधाचे कॅन पोचवता, परत येता, हात धुता आणि तिला उचलून गाडीत ठेवता. गावापासून हायवेपर्यंत रस्ता नुसता खड्ड्यांचा. मी चाकणला एका कारखान्यात नवा लागलेला, गाड्यांच्या भागांची मापं तपासणारा. शनिवारी घरी आलो आणि जीप नाकावर झुकलेली दिसली. शनिवार-रविवार शेक नसे, तुम्ही एसटीनं एका दुखवट्याला गेलात, तेवढ्यात मी ती चाकणला नेली. प्रत्येक बाजूला दोन पाटे वाढवले आणि गॅसचे, त्या वेळी मिळाले त्यांतले सगळ्यांत कडक शॉकअप बसवले. मी तुमच्यासाठी आणलेली ती पहिली वस्तू. रविवारी संध्याकाळी तुम्ही परत आलात, जीपभोवती एक फेरी मारली, मडगार्ड तळहातानं दाबून पाहिलं. ते हललं नाही. "झ्याक केलंस," म्हणालात. हात तसाच तिथे राहिला होता.

सोमवारी हायवेपर्यंत मीही मागे बसून आलो. आईनं सीटखालची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. "आज पुणं येस्तवर लोणीच निघंल माजं," ती म्हणाली. मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

त्या आठवड्याच्या शेवटी तिनं सांगितलं, "आता मला न्हाई जायचं." शेक अर्धाच राहिला. मी तिला बोललो. सगळे तुझ्यासाठी धावतायत आणि तू हट्ट करतेस, असं बोललो. तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर चार महिने ती त्या खोलीत होती. कूस बदलताना तिच्या तोंडून जो आवाज निघायचा तो तुम्हीही ऐकलात.

मिस्त्री काल म्हणाले, "भाऊ सांगून गेलते, बायकूला न्यायचंय, पाण्याव चालल्यावानी चालली पायजे. म्हून काढलं व्हतं म्या पाटं. मंग मंगळवारी परत आलं, वैनीला घिऊनच. म्या म्हणलं, आत्ता मोकळी करतो, तासाभराचं काम. भाऊ उतरलंबी. तर वैनी आतनं म्हणती, 'हात लावू नका. लेकानं हौसंनं घातल्यात. रविवारी आला का वाकून बगंल त्यो.'"

मी खरंच वाकून बघत होतो. दर रविवारी, शर्टाच्या बाह्या वर करून.

तिचं तुम्ही ऐकलंत. का ऐकलंत, भाऊ? तुम्ही नवऱ्याच्या अधिकारानं एकदा तरी ओरडायचं होतं तिच्यावर. नाहीतर मला फोन करायचा होता. त्यानंतर नऊ वर्षं आपण एका ताटवाटीच्या अंतरावर जेवलो. पाऊसपाणी, दुधाचा भाव, माझ्या मुलीची शाळा, सगळं बोललो. त्या जीपमधून तुम्ही मला स्टँडवर सोडायला यायचात आणि खड्डा आला की बाजूच्या सीटकडे बघायचात. तिथे मी बसलेलो असायचो. काल गॅरेजात मला तुमचा इतका राग आला, की पाणी पिण्याचं निमित्त करून बाहेर जाऊन उभा राहिलो.

परत आलो आणि पाटे काढायला सांगितले. "आता कशापायी?" मिस्त्री म्हणाले, पण काढले. गाडी खाली बसली, सुतळीची गाठ पुन्हा मारावी लागली. तेलाचे मऊ शॉकअप घातले. येताना हायवे सोडल्यावर नवा सिमेंटचा रस्ता टाळून मी ओढ्याकडच्या कच्च्या वाटेनं आलो. खड्डे येत होते आणि गाडी त्यांतून डुलत निघत होती. एवढा फरक पडतो हे मला माहीत नव्हतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहितो. त्या शनिवारी एसटीला निघताना तुम्ही अंगणात थांबला होता. म्हणालात, "जीपचं तेवडं ऱ्हाऊ दे रं, तुज्या आईला..." मी टेप घेऊन चाकाशी बसलो होतो. आकडा विसरेन म्हणून मी हात वर करून तुम्हाला गप्प केलं.