अर्धा कोयता

९ सप्टेंबर, मंगळवार

मुकादम सकाळी येऊन गेला. चहा घेतला. आबांना चालून दाखवायला सांगितलं. आबा काठी घेऊन उंबऱ्यापासून चुलीपर्यंत गेले आणि परत आले. तेरा पावलं.

"दगडूनाना, तुमच्याच्यानं मोळी न्हाई उचलायची आता."

आबा म्हणाले, दिवाळीपर्यंत जमंल.

"न्हाई जमायचं. मी उचल एका कोयत्याची दिलती. नवरा-बायको मिळून एक. आता पारूकाकू एकटी, म्हंजी अर्धा कोयता. एक तर अर्धी उचल परत करा, चाळीस हजार. न्हाईतर दुसरा अर्धा द्या."

माय म्हणाली, दुसरा कुठून आणू.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. कप खाली ठेवताना म्हणाला, "मास्तरीणबाई यायच्या की पहिलं. हात चांगला व्हता."

कॉलेजात असताना तीन हंगाम ऊसतोडीला गेले होते. एम.ए. झाल्यावर नाही.

उचलीचे ऐंशी हजार एप्रिलमध्ये आबांच्या खुब्याच्या ऑपरेशनला गेले. दवाखान्याच्या काउंटरवर मीच भरले. मोजताना नोटांना कारखान्याच्या मळीचा वास येतोय असं वाटत होतं. येत नसावा.

१२ सप्टेंबर, शुक्र.

कॉलेजात दोन तास शिकवून झाल्यावर चौसाळ्याच्या बँकेत. मॅनेजर माझ्यापेक्षा लहान, परराज्यातला. नम्र. पगाराची स्लिप मागितली. नाही. तासिकेवर शिकवते, मानधन मिळतं. दर महिन्याला? नाही. मागच्या वर्षाचं एकदम मेमध्ये आलं. यंदाचं अजून नाही.

त्यानं पॅन नंबर टाकला आणि पडदा माझ्याकडं वळवला. मी कधी कर्ज घेतलेलं नाही, म्हणून माझी पत नाही. घेतलं असतं, फेडलं असतं, तर मिळालं असतं.

"मॅडम, कुछ छोटा-मोटा ले लेतीं. मोबाइल वगैरह."

जमीन विचारली. एक एकर, चुलत्याच्या नावावर. त्यानं खुर्चीवरून उठून मला निरोप दिला. इतक्या आदरानं नाही म्हणणारा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला.

१६ सप्टेंबर

शेजारच्या शालनकाकूंच्या ओसरीवर कर्ज देणाऱ्या कंपनीच्या गटाची बैठक. दहा बायका दोन ओळींत. निळ्या शर्टातला पोरगेला साहेब टॅबवर हप्ते घेतो. एकीचा चुकला तर बाकीच्या नऊजणी भरतात, भरेपर्यंत कुणी उठत नाही. आज यमुनाबाईचे तीनशे कमी होते. पाऊण तास सगळ्या बसून. स्वयंपाक राहिलेले.

मी नाव सांगितलं.

"नवऱ्याचं आधार?"

लग्न झालेलं नाही.

"मग सासऱ्याचं चालेल. दिराचं."

शालनकाकू म्हणाल्या, "आरं बाबा, नवराच न्हाई तर सासरा कुठून काढंल ती? पर्समधून?"

बायका हसल्या. यमुनाबाईसुद्धा. तीनशे तोवर कुणीतरी घातले होते.

वडील चालतात, पण साठच्या आत. आबा बासष्ट. माय चालत नाही. सहा महिने गावात नसते आणि हप्ता आठवड्याचा. गावातल्या निम्म्या बायका याच कारणानं बाहेर. उठताना काकू हळूच म्हणाल्या, "बरं झालं न्हाई घेतलं ते. तुला हितं असं बसवलं असतं मंदे, मला बघवलं नसतं."

२० सप्टें., शनि.

फोनवर अॅप उतरवलं. पाच मिनिटांत पैसे. फोटो दिला, पॅन दिलं. शेवटी परवानगी मागतं, फोनमधली सगळी नावं वाचू का. आपण चुकलो की ते या लोकांना फोन करणार. गेल्या वर्षी कॉलेजच्या शिपाईमामांच्या हप्त्यापायी थेट प्राचार्यांना फोन आले होते, घाणेरड्या भाषेत.

नावं चाळत बसले. बीए-२ वैष्णवी. बीए-२ अक्षय, डिसें. ते एप्रिल गैरहजर, ऊस. बीए-३ रूपाली, ऊस. हे मीच लिहून ठेवलेलं. परीक्षेच्या वेळी ओळखू यावेत म्हणून.

अॅप काढलं. फोटो त्यांच्याकडं राहिला असेल.

२२ सप्टें.

घट बसले. मायनं पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरलं. संध्याकाळी वरच्या आळीच्या शेठकडं. शेकडा पाच, महिन्याला. आणि सही केलेला कोरा चेक.

कोरा कशाला, विचारलं.

"का? माझ्यावर भरवसा न्हाई?"

उठले. हा प्रश्न मला विचारायचा होता, त्यानं आधी विचारला.

२५ सप्टेंबर, गुरु.

चौसाळ्यात स्टँडसमोर पतसंस्था आहे, टायरच्या दुकानावर. आजवर पाटीसुद्धा वाचली नव्हती. क्लार्क प्रौढ, चष्मा दोरीला. मी किती पाहिजे ते सांगायच्या आधी त्यानं व्याज सांगितलं. वर्षाला चौदा टक्के, दोन वर्षांत फेड. कापून किती घेणार, हातात किती येणार, सगळं एका चिठोऱ्यावर लिहून दिलं. चिठोरं वहीत ठेवलंय. आज चार वेळा उघडलं.

दोन जामीनदार. एक कायम पगाराचा. दुसरा संस्थेचा सभासद, आपल्याच गावचा.

इतिहासाचे इनामदार सर कायम आहेत. उद्या विचारते. आज घरी यायच्या ऐवजी फाट्यापर्यंत चालत गेले, परत आले. बसवत नाही.

२६ सप्टें.

इ. सरांनी सही केली. वाचलं नाही. म्हणाले, "मंदाताई, मीपण नऊ वर्षं तासावर होतो." मग खूप वेळ दुसरंच काहीतरी बोलत राहिले.

आमच्या गावात संस्थेचे सभासद दोन. सरपंच म्हणतात, निवडणूक होऊ द्या. दुसरा मुकादम.

३ ऑक्टोबर, शुक्र.

दसऱ्यामुळं आठवडा काढला. खरं कारण धीर होईना. आज गेले.

मुकादम ट्रॅक्टरच्या टायरपाशी उकिडवा बसलेला. कागद वाचला, सगळा, बोट ठेवून.

"म्हंजी पतसंस्था तुला चाळीस देणार. तू ते मला देणार. आन् तू न्हाई फेडलं तर मी त्यांना देणार."

होय म्हटलं.

"ऐकलं का बे?" ड्रायव्हरला म्हणाला. "माझ्याच पैशाला मीच जामीन." दोघं हसले. मलाही हसू आलं. ते कडू नव्हतं.

"कावून करू सही?"

तुम्हाला पैसे परत मिळतील म्हणून, म्हटलं.

"पैशाचं काय करू? कारखान्यानं माझ्याकडून कोयते मोजून घेतलेत. मला अर्धा दुसरा गाठावा लागंल, बार्शीकडचा. त्यो रोख घेतल्याबिगर गाडीत पाय ठिवत न्हाई."

मग पान्याचं ग्रीस पुसल्यासारखा अंगठा शर्टाला पुसला आणि सही केली. पूर्ण नाव, मोठं.

"दगडूनाना माझ्या ट्रॉलीवरनं पडलेत," एवढंच म्हणाला. मी निघाल्यावर मागून, "पर निघायच्या दिवशी एक तर पैसे, न्हाईतर तू. तिसरं न्हाई."

६ ऑक्टो.

अर्ज दिला. क्लार्कनं प्रत्येक पान उलटून बघितलं आणि शिक्का मारला. पाहणीला माणूस येईल म्हणाला, घर बघायला, रिवाज आहे.

बीए-२ ला चांगलं शिकवलं आज. दोन कडव्यांवर अख्खा तास. मुलं थांबून राहिली.

१४ ऑक्टोबर, मंगळ.

संध्याकाळी घरी आले तर माय खुशीत. पतसंस्थेचा माणूस येऊन गेला. त्याला पोहे केले होते. त्यानं विचारलं, मुलगी काय करते, फेडणार कशातून.

"मी काय सांगितलं सांगू?" माय म्हणाली. "म्हणलं, सायेब, काळजी करू नगा. ती यंदा कोयत्याला येणार हाय माझ्याबरूबर. लई हात चालतो तिचा. सहा महिन्यात फेडंल."

मी विचारलं, कॉलेजचं सांगितलं का.

"ते कशाला? तिथं पैसे तरी कुठं देतेत?"

त्यानं वहीत लिहून घेतलं म्हणे. व्यवस्थित.

मी चिडून काय बोलले ते लिहीत नाही. आबा उठून बाहेर गेले, काठी न घेता. माय चुलीपुढं बसून राहिली. मग माझ्याकडं पाठ करून म्हणाली,

"मला वाटलं, कामाचं माणूस हाय म्हणलं की देतेत. मला आजपस्तोर कुणी कोयत्याबिगर काय दिलंय? किराणावाल्यानं? डॉक्टरनं?"

खरं आहे. कुणीच दिलं नाही.

१६ ऑक्टो.

क्लार्कनं शेरा दाखवला. "अर्जदार हंगामात स्थलांतरित. वसुलीस अडचण." निळी शाई, सुंदर अक्षर. म्हणाला, "ताई, मी खोडू शकत नाही. समितीपुढं ठेवतो. कॉलेजचं पत्र आणा, की तुम्ही मार्चपर्यंत इथंच शिकवणार."

समिती दिवाळीनंतर, २७ ला, सोमवारी, अकरा वाजता.

मुकादम २७ ला सकाळी दहाला निघणार.

कॉलेजात मार्चपर्यंतचा नेमणूक आदेश मागायला गेले. प्रक्रियेत आहे. कॉलेजला आजपासून सुट्टी.

१९ ऑक्टोबर, रवि.

माय दळणाला गेल्यावर आढ्यातला कोयता काढला. मागं कडब्याच्या चार पेंढ्या होत्या. डाव्या हातात कवळ धरली आणि खालून मारलं. एका घावात. पुन्हा. पुन्हा. वाकून दहा मिनिटं. हात विसरलेला नाही. हे मला नको होतं.

कडबा आवरून ठेवला. मायच्या लगेच लक्षात आलं असेल.

२१ ऑक्टो.

लक्ष्मीपूजन. मायनं पाटावर दोन कोयते ठेवले, धार लावून आणलेले. एकाच्या मुठीला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. तो माझा. माझ्या तळव्याला फोड येतात. मी हळदकुंकू लावलं. दोन्हींना.

आबा उंबऱ्यापासून चुलीपर्यंत आणि परत. आज एकवीस पावलं, म्हणजे पावलं लहान झाली.

२५ ऑक्टोबर, शनि.

इ. सर स्कूटरवर आले. प्राचार्यांच्या घरी जाऊन पत्र आणलं. "सदर अध्यापिका चालू शैक्षणिक वर्षअखेर कार्यरत राहतील." सही, शिक्का. शिक्का त्यांच्या घरी कसा होता ते विचारलं नाही. माय सरांसमोर आली नाही, पण पोहे पाठवले. सर म्हणाले, पोहे खाऊन मी काय लिहून घेऊ? आत माय हसल्याचा आवाज.

त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले. "जाऊ नका," म्हणाले. मग, "म्हणजे, काय ते बघा."

२६ ऑक्टो.

मुकादमाला म्हटलं, दोन तास थांबा.

"मी थांबतो. ऊस थांबंल का?" मग म्हणाला, चौसाळ्याला डिझेल घ्यायचंच आहे. तिथं चहाला उभं करतो. चहा होईस्तोवर.

चहा किती वेळ होतो, विचारलं.

"मास्तरीणबाई, दोनदा घेईन. तिसरा पित्ताला चालत न्हाई."

माझी पिशवी भरली. दोन साड्या, स्वेटर, बीए-२ चं हजेरीपत्रक. ते परत द्यायला हवं होतं. काढलं, परत ठेवलं. आता पुन्हा काढते.

नाही काढलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार. पतसंस्था, बाकडं

सकाळी ट्रॅक्टर दारात आला तर आबा आधीच ट्रॉलीत. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. कसे चढले कुणी बघितलं नाही. मुकादम म्हणाला, नाना, खाली या.

"बसू दे की. मोजायला तर पुरतो."

मुकादमानं स्वतः चढून, काखेत हात घालून, त्यांना उतरवलं. शालनकाकूंनी काठी दिली. आबांचा जेवणाचा डबा आता काकूंकडंच.

११.२०. अध्यक्ष आले. कुठल्या तरी मयतीहून, अजून डोकं ओलं.

११.३५. आत सहा माणसं. दार लोटलेलं. क्लार्क बाहेर आपल्या टेबलाकडं जाताना म्हणाला, पत्र वरच लावलंय.

११.५०. खिडकीतून टपरी दिसते. मुकादमानं दुसरा ग्लास ठेवला. माझ्याकडं बघून घड्याळावर बोट. रागानं नाही. ट्रॉलीत गाठोडी, कोंबड्यांची पाटी, बायका, पोरं. एका पोरानं चिंधीच्या मुठीचा कोयता उचलला, मायनं काढून घेतला आणि मांडीखाली ठेवला.

आज अकराला बीए-२ असतं. सुट्टी आहे, तरी घड्याळ बघितलं.

१२.०५. तिसरा ग्लास. पीत नाही, नुसता धरून उभा आहे.

मायनं गाठोड्यांमध्ये माझ्यापुरती जागा धरलीय. शेजारची बाई तिथं सरकायला लागली, मायनं हात आडवा केला. मग वर बघितलं, या खिडकीकडं. मी दिसते का तिला, माहीत नाही. तिनं तोंडानं काहीतरी म्हटलं. ये असेल, किंवा थांब.

आत घंटी वाजली. क्लार्क फायली घेऊन उठलाय. त्यात माझी फाईल वरून तिसरी.

मायचा हात अजून तसाच आडवा आहे.