आईने साहेबांना दिलेलं उत्तर

शिनोलीच्या वाटेवरच्या आपल्या वस्तीवरून,
जानेवारी २००३

आदरणीय यमाजी दाजींस,

धाकटा मेहुणा दादाभाऊ याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. कोकणची हवा मेंढरांना मानवली का? कोकरं जगली ना सगळी? कुशाक्काही बरी असेलच (आधी मेंढरांची चौकशी केली म्हणून तिने रुसू नये, पत्र तिला तुम्हीच वाचून दाखवणार आणि तुमचा क्रम मला ठाऊक आहे). इकडे खंडोबाच्या कृपेने आई ठणठणीत आहे. बाकी सगळं बुडालं.

गावठाण वाढवायचं ठरलंय, हे दिवाळीत बोललोच होतो. नकाशात ज्याचं घर राहतं घर म्हणून नोंदलं जाईल, त्याच्या नावावर जागा होणार. पण मोजणीवाले येणार आत्ता, म्हणजे आपली सगळी वस्ती मेंढरांमागे घाट उतरून गेल्यावर. (गावातल्या शहाण्यांना दुसरा महिना सापडला नाही. शेतात खतासाठी मेंढरं बसवायला मात्र हेच लोक दारी येऊन बोलावतात. मेंढरं बसलेली चालतात, आपण बसलेलो चालत नाही.) म्हणून यंदा मी आणि आई मागे राहिलो. घराला चुना दिला, जमीन सारवली, गेणभाऊंचं लोखंडी कपाट उसनं आणलं आणि आत ठेवायला काही नाही म्हणून त्यात घोंगड्या कोंबल्या. मोजणीच्या साहेबांनी नुसतं आत डोकावलं असतं तरी काम झालं असतं.

साहेब आले तेव्हा मी त्यांच्याच चहासाठी दूध आणायला गेलो होतो. देव देतो आणि कर्म नेतं, ते असं. सारवण खराब होईल म्हणून आईने घराला कुलूप घातलं आणि अंगणात तीन दगड मांडून भाकरी थापत बसली. साहेबांनी विचारलं, "आजी, मुक्काम किती दिवस?" आमच्या मातोश्रींनी हा प्रश्न जन्मभर शेतमालकांच्याच तोंडून ऐकलेला. हात जोडून म्हणाली, "तुमी म्हणाल तवर, मालक. न्हाई म्हणालात तर सकाळी उठू." वर गरम भाकरीही दिली. साहेबांनी ती खाल्ली आणि आपल्या घरापुढे लिहिलं, तात्पुरता मुक्काम.

नव्या नकाशात आपलं घर म्हणजे खेळाचं मैदान आहे. (गावची पोरं येऊन बघूनही गेली. खेळपट्टी आपल्या देव्हाऱ्यावरून जाते.) हरकत घ्यायला गेलो तर साहेब म्हणाले, "अहो, तुमच्या आईच तसं म्हणाल्या." आता आईला खोटं कोणत्या तोंडाने पाडू? दाजी, कचेरीच्या पायरीवर बसून मी रडलो. आजोबांनी नदीतून दगड वाहून बांधलेलं घर, आणि ते आपलं आहे हे आपल्याच माणसाला म्हणता आलं नाही. तरी तुम्ही काळजी करू नका. मी हटणार नाही, वरपर्यंत जाईन.

तुमचा,
दादाभाऊ

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात वरपर्यंत जाऊन आलो. होळीच्या आधी घर पाडणार आहेत.

आणखी ता. क. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. कुशाक्काला तिच्याशिवाय करमत नाही असं काहीतरी कळवून तिला तिकडे बोलावून घ्या. पण लवकर. आज तिने परसात शेवग्याची फांदी रोवली आहे.