दहा ग्रॅमचा माणूस

१६ जानेवारी
खाडीच्या पाण्याचे नियम नव्याने ठरतायत. वरच्या कारखान्याने सांडपाणी किती सोडायचं, ते आम्ही किती मासे खातो त्यावर! खाणं जास्त, तर पाणी जास्त स्वच्छ हवं. सध्या माणशी रोज दहा ग्रॅम धरलेत. घरोघर विचारायचं काम मला मिळालं.

शेजारच्या लवूकाकांनी खाडीतला तांबोसा तराजूत टाकला. दोनशे ग्रॅम. "म्हणजे ह्यो माका वीस दिस पुरवूचो?"

२० जानेवारी
कोणीतरी उठवलंय — जास्त आकडा दिला तर मासेमारीच बंद होणार. झालं! सगळा गाव एकदम शाकाहारी. लवूकाका म्हणाले, "सोमवार पाळतंय." आज मंगळवार. मिशीला कालवण.

सांगतील ते लिहिलं. शून्य, शून्य, शून्य. लाज वाटली.

११ फेब्रुवारी
कागद बघून सर्वेक्षणाचे साहेब खूश. "मासे खाणारं कोणीच नाही, तर मर्यादा कडक कशाला? उलट सैल करू."

घरी सांगितलं. सासूबाई उलथनं धरून उभ्याच राहिल्या.

२ मार्च
शाळेत सुनावणी. सासूबाई टोप घेऊन आल्या! साहेबांच्या टेबलावर केळीचं पान मांडलं. "सायबानू, मोजा नि लिवा." दोन तांबोसे खाल्ले, सगळ्यांसमोर. साहेब आधी नको नको म्हणत होते, मग काटे वजा करायचे की नाही यावर शिपायाशी भांडायला लागले. वजा करून अडीचशे ग्रॅम.

"ह्यां दुपारचां. रातचां अजून रवलां!"

मग लवूकाका उठले. घरून ताट मागवलं. मग सगळेच. रांग लागली.

३ मार्च
शून्याचे कागद रद्द. पुन्हा पहिल्या घरापासून.

८ मे
जिंकलो! आता माणशी दोनशे ग्रॅम धरणार. त्या हिशोबाने खाडी नापास — सांडपाणी थांबवायचा हुकूम निघाला. देवळासमोर पेढे वाटले. पाणी मात्र कालचंच.

९ मे
जेवत होतो. आरोग्य केंद्रातल्या बाई दारात. पाणी सुधारेपर्यंत पोटुश्या बायांनी खाडीचा मासा तोंडात घालायचा नाही, म्हणाल्या. "घरात कोणी आहे?"

तिसरा महिना. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मी हात वर केला.

सासूबाईंनी माझ्या ताटातली तुकडी उचलली, आणि तशीच हातात धरून बसल्या.