उलट्या डोळ्याचं झाड

जैसलमेर, राजस्थान
दि. २ फेब्रुवारी १९७७

तीर्थस्वरूप चंद्रभान दादास,

बळीरामचा साष्टांग नमस्कार. साष्टांग लिहायची रीत आहे म्हणून लिहिला, घातला असं समज. इकडे मी खुशाल आहे. आईले सांग, इथं बाजरीची भाकर भेटते, मी उपाशी नाही. तिचे गुडघे कसे आहेत ते तू लिहिलंच नाही. बाकी नको ते सारं लिहिलं.

मी कळवलं होतं तसं तुझं पत्र इथल्या पोस्टात पडून होतं. तीनदा वाचलं. त्यातल्या एका गोष्टीबद्दल मागून लिहितो. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू विचारलं, गोऱ्यांच्या गाडीवर तू ड्रायव्हर आहेस का नोकर?

दोन्ही. घर सोडून मी नागपूरजवळ वाडीले गणपतरावच्या गॅरेजमध्ये लागलो, अन् चौथ्याच दिवशी क्लच जळालेली यांची गाडी ट्रकच्या मागं दोरानं बांधून आली. मी क्लच बसवला. गोऱ्याले माझा हात आवडला, म्हणे चल. मी चाललो. पुसून जावं असं माणूस वाडीत कोणी नव्हतं, अन् घरी पुसायचं तोंड नव्हतं.

नावं आर्थर अन् जून. नवराबायको, विलायतचे, पन्नाशीचे. गाडीत पलंग, गाडीत चूल, खिडक्यांले फुलाफुलाचे पडदे. घर आहे पण घरात राहवत नाही, म्हणून घराले चाकं लावून निघालेले लोक. वाटाणेसुद्धा डब्यातले खातात. बाजूच्या शेतात हिरवेगार लागलेले असतात, पण नाही, डबाच फोडतील.

अन् यांचा धंदा ऐकशील तर हसून हसून तुझं पोट दुखेल. डबे लपवतात!

त्यांच्या मुलखात एक माळरान आहे म्हणे, तिथं लोकं शंभर वर्षांपासून हेच करतात. पत्र्याचा डबा घ्यायचा, त्यात एक वही अन् एक रबरी शिक्का घालायचा, अन् दगडाखाली नाहीतर ढोलीत लपवायचा. मग कागदावर खूण लिहायची. अमुक विहिरीपासून उत्तरेले चाळीस पावलं, फुटक्या भिंतीकडं तोंड कर, असं. तो कागद त्याच गावच्या पोस्टात ठेवून पुढं निघायचं. यांच्या ओळखीचे चौघं दुसऱ्या गाडीनं पंधरा दिवस मागून येतात. ते पोस्टातून कागद घेतात, उन्हातान्हात डबा हुडकतात, वहीत नाव लिहितात, शिक्का मारतात, अन् डबा होता तिथं परत ठेवतात. परत ठेवतात, दादा! एवढी शिकलेली माणसं. मी चौथी नापास, पण मले यांच्यापेक्षा जास्त अक्कल आहे असं रोज वाटते.

नागपुरात तर कहर केला. झिरो माईलचा खांब दिसला अन् आर्थर येडाच झाला. साऱ्या देशाचे रस्ते इथून मोजले, मग इथं डबा नाही म्हणजे काय! खांबाजवळच्या एका झाडाखाली बसून दोघं माती उकरून राहिले. हवालदार आला.

"काय गाडून राहिले बे हे?"

"डबा आहे साहेब," मी म्हटलं.

"डब्यात काय?"

"वही."

"वहीत काय?"

"काही नाही, कोरी आहे."

"मग गाडून काहून राहिले?"

हवालदारानं डबा उघडला, वही झटकली, शिक्क्याचा वास घेतला, अन् कपाळाले हात लावून निघून गेला. जूनबाईनं त्यालेही सलाम ठोकला.

असं मी दीड महिना यांले हसत आलो. परवा हसू बंद झालं.

इथं गावाबाहेर वाळूत राजांच्या समाध्यांवरच्या जुन्या छत्र्या आहेत, दगडी. आर्थरले ताप होता, म्हणून बाईनं डबा माझ्या हाती दिला. म्हणाली, यावेळी तू लपव. मी छत्रीच्या पायरीखाली लपवला, येऊन सांगितलं. तिनं पुसलं, वहीच्या पहिल्या पानावर नाव लिहिलं का? मी म्हटलं, नाही, माझं अक्षर खराब आहे. ती तशीच उठली, मले घेऊन परत तिथपर्यंत चालत गेली, डबा काढला अन् माझ्या हातात पेन्सिल दिली. तिची हिंदी तोडकीमोडकी आहे. म्हणाली, "छुपानेवाले का नाम पहले. नाम नहीं, तो ये खेल नहीं. चोरी है."

मी नाव लिहिलं. बळीराम एवढं लिहायले मले किती वेळ लागला, ते तिलेच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पोस्टात तुझं पत्र भेटलं.

आपल्या बगीच्यात संत्र्याची कलमं बांधणाऱ्या रामाजीबद्दल तू लिहितो, "रामाजीले आता नरखेड-काटोलकडं कोणी कलमाचे डोळे भरायले बोलावत नाही. वाडीच्या गोदामात पोती वाहून राहिला. त्याच्या बोटांची ऐट उतरली एकदाची." हे वाचून तुले किती आनंद झाला असंल ते तुझ्या अक्षरावरून दिसते. एरवी तुझं अक्षर मेल्या गोमेसारखं असते, एवढीच ओळ कशी ठसठशीत काढली!

दादा, चाकू मी घेतला.

पुन्हा वाचू नको. बरोबर वाचलं. बाबाचा शिंगाच्या मुठीचा कलमाचा चाकू रामाजीनं नाही, मी घेतला.

बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात ते तुले म्हणाले होते, "हंगामाच्या पहिल्या दिवशी चाकू रामाजीच्या हातात दे. माह्या बगीच्यातलं निम्मं झाड त्याच्या हातचं आहे." तू ओसरीवर येऊन पुटपुटला, "बाप म्हणाला असंल, चाकू घरातच राहीन." मी उंबऱ्याशीच उभा होतो, दोघांचंही ऐकलं. तिसरं नाव कोणी घेतलं नाही. मी का नाल्यात सापडलो होतो गा?

म्हणून हंगामाच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीले, मी तो बाबाच्या तंबाखूच्या डब्यात घातला अन् कुंपणाच्या एका जंभेरी लिंबाच्या बुडाशी पुरला. तुम्ही दोघं हुडकून हुडकून थकले की काढून देणार होतो. गोऱ्यांच्यासारखाच खेळ. फक्त नाव लिहिलं नव्हतं.

सकाळी नारळ फोडायले उभे राहिलो तर चाकू नाही. तू कोठा नाही पाहिला, घर नाही पाहिलं, मले तर पुसलंही नाही. सरळ रामाजीची पिशवी उलटी केली. भाकर अन् कांदा निघाला. तरी तू म्हणाला, "यानंच नेला." त्याचा बाप छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून त्या घराचं ताठ चालणं तुले खुपते. तुले चोर हुडकायले दोन मिनिटं लागले नाहीत.

तो काय म्हणाला ते आठवते का? "चंद्रभान, धोंडबाचा चाकू मी मागून घेईन, चोरून नाही." अन् मातीतली भाकर झटकून पिशवीत ठेवली. दिवसाले हजार डोळे भरणारा माणूस, अन् त्या दिवशी त्याच बोटांनी मातीतला कांदा वेचला.

मी तिथंच होतो. काडी चावत उभा. तोंड उघडलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात तू त्याले साऱ्यांसमोर चोर म्हणाला, अन् तिसऱ्या दिवशी मी वाडीले पळालो. हसायचं तर मलेच हसायले पाहिजे होतं, त्या बिचाऱ्या गोऱ्यांले नाही.

आता तुले एक जुनी गोष्ट सांगतो, ती तुले ठाऊक नाही. तू तेव्हा काटोलले मामाकडं होता. मी पहिल्यांदा कलमं बांधायले बसलो तो हंगाम. जंभेरीच्या रोपाले चीर दिली, संत्र्याच्या काडीवरचा डोळा काढून आत सरकवला, केळीच्या सोपटानं आवळून बांधला, अन् छाती फुगवून बसलो. डोळा उलटा बसवला होता, कोंब जमिनीकडं. तो जळाला. खालची जंभेरी तेवढी माजली, काट्याकाट्याची. बाबानं ओरडून पुसलं, हे कोणाचं काम? मी रामाजीच्या मागं सरकलो. रामाजी म्हणाला, "माह्याच हातून गेलं, धोंडबा. नजर चुकली." ज्याचा डोळा कधी वाया गेला नाही, तो माणूस. बाबा वर्षभर त्याले त्यावरून चिडवत होते. तो हसून घेत होता. ती जंभेरी मग कुंपणाले लागली.

चाकू त्याच झाडाखाली आहे.

कोणतं झाड, ते तुले सांगत नाही. कुंपणाले चाळीस जंभेऱ्या आहेत, साऱ्या सारख्याच काटेरी. कुदळ घे अन् लाग कामाले, नाहीतर वाडीले जा. हे पत्र तू चुलीत घालशील हे मी ओळखून आहे, म्हणून आजच दुसरं पत्र गणपतरावच्या गॅरेजच्या पत्त्यावर टाकलं, रामाजीच्या नावानं; तो गोदामात नेऊन देईन. त्यात सारं कबूल केलं अन् खूण एका ओळीत लिहिली: 'ज्या झाडापायी तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलले, त्याच्या बुडाशी.' त्याले पावलं मोजायची गरज नाही.

पण तो आपल्या कुंपणात स्वतःहून पाय ठेवणार नाही. त्याची ऐट तुले वाटते तशी उतरली नसंल. तुलेच जावं लागते. शिवरात्रीपर्यंत हंगाम आहे, म्हणजे आजपासून चौदा दिवस, त्यातले पाच-सहा पोस्टात जातील. गोदामात जा, त्याच्या पाठीवरचं पोतं आपल्या हातानं उतरव, अन् आठवडी बाजारात ज्या तोंडानं चोर म्हणाला त्याच तोंडानं, तिथंच, सांग की चोर माझ्या घरातला होता. जमत नसंल तर बस चाळीस खड्डे खोदत. गावाले तमाशा फुकटच आहे.

मी येऊन सांगायले पाहिजे होतं, हे तू म्हणशील. खरं आहे. तेवढी छाती नाही. हजार मैलांवरून दादागिरी करायले काय जाते! तरी रामाजीकाका बगीच्यात आले अन् तसं तू दोन ओळीत लिहिलं, तर ही गाडी मी त्याच दिवशी सोडतो. समोर उभं राहून दोन शिव्या खायच्या आहेत.

हे पत्र आईले दाखवू नको, असं लिहिणार होतो. दाखव.

अन् पुढचं पान मुद्दाम वेगळं जोडलं आहे. ते तू ठेवू नको. काकांनी चाकू काढला की ते पान डब्यात घाल, अन् डबा होता तिथंच परत पूर. दोन महिने उशीर झाला, पण पहिल्या पानावर नाव पाहिजे.

*

हा डबा लपवणारा,
बळीराम धोंडबा कोहळे