विल्होदादाची गाठ

साइमा सरोवर, मार्च

प्रिय आई, आणि शेजारी बसून हे ऐकणाऱ्या बाबांना नमस्कार.

मी बरा आहे. तू विणलेले मोजे रोज घालतो, जेवणही वेळेवर होतं. बाबांचा गुडघा कसा आहे?

उन्हाळ्यात होडीतून, शरदात काठावरून आणि आता बर्फाला भोक पाडून मी त्याच बेटापाशी गळ टाकतो. शेजारचे कालेर्वो आजोबा चिडवतात, "एवढं सरोवर पडलंय, इथल्याच माशांनी तुझं काय घोडं मारलंय?" मी इथे मासेच धरतो, आई. दुसरं काही शोधत नाही.

काल गळ तळाशी अडकला. सावकाश ओढला, तर त्याला दुसरा एक गळ अडकून आला, आमिष म्हणून पितळी मासोळी लावलेला. त्याची गाठ डावखुरी होती, विल्होदादा मारायचा तशी, उलट्या वेढ्यांची.

आजोबा म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी इथेच बर्फ फुटून तो गेला, तेव्हाचा असेल." मग त्यांनी तो हातात घेऊन उजेडात धरला. पितळ लख्ख होतं. आकड्यावरची अळी अजून वळवळत होती. आम्ही दोघांनी चहूकडे पाहिलं. आमच्याशिवाय बर्फावर कुणी नव्हतं.

दादा सापडला नाही तरी त्याचं नाव आता दगडावर कोरून घेऊ, असं तू लिहिलंस. कारागिराला जरा थांबायला सांग. आणि दाराजवळचे त्याचे बूट कुणाला देऊ नकोस.

तुम्हा दोघांचा धाकटा,
ओस्मो