रेकॉर्डवर नसलेलं नाव

आई, शनिवारी दुपारी अल क्वोजमधल्या एका गोदामात मी तुझा आवाज ऐकला. तू जाऊन चोवीस वर्षं झाली. अल क्वोज हा इथला, आखातातल्या आमच्या शहरातला, गॅरेज आणि वर्कशॉपांचा भाग, पण हल्ली तिथल्या काही गोदामांत चित्रं लावतात, जुन्या रेकॉर्ड्स ऐकवतात. तुझी नात मला बळेच घेऊन गेली. "ओल्ड बॉम्बे म्युझिक, ममा, यू विल लाइक इट." चाळीसेक माणसं खुर्च्यांवर बसली होती. रेकॉर्ड्स जमवणारा केरळचा एक माणूस प्रत्येक गाण्याआधी थोडं बोलत होता. एक छोटी रेकॉर्ड हातात धरून तो म्हणाला, "इसमें तीन आदमी का नाम छपा है. लेकिन गाती एक लेडी है. वो कौन थी, किसी को नहीं मालूम." मग त्याने सुई टेकवली, आणि तू गायला लागलीस.

तुझ्या त्या दिवसांबद्दल मला थोडंच माहीत आहे, तेही तू पोळ्या लाटताना सांगितलेलं. गिरगावातली तू, लग्नाआधीची, रेडिओवर कान लावून अमेरिकेतल्या काळ्या गायकांची गाणी शिकलेली. त्यात मागचे लोक नुसत्या तोंडाने ठेका आणि सूर धरतात, डुम-डुम, शू-वा, आणि पुढचा एकजण शब्द गातो. तो पुढचा एकजण तू होतीस, मागे तिघं पुरुष. मुंबईच्या हॉटेलात असं गाणारी दुसरी बाई तेव्हा नव्हती, असं तू सांगायचीस, तेसुद्धा आज बाजारात भेंडी नव्हती अशा सुरात. हॉटेलचा मॅनेजर म्हणाला होता, बाई पुढे आणि पुरुष मागे, बरं दिसत नाही. तू म्हणालीस, "मग मी मागे उभी राहते, माइक मागे आणा." माइक जिथे होता तिथेच राहिला आणि तूही. पुढे ते तिघं एकेक करून परदेशी गेले, तुझं बाबांशी लग्न झालं. बाबांनी कधी अडवलं नाही. गाणं फक्त स्वयंपाकघरात आलं.

तिथे मागचे तिघं म्हणजे मी एकटी. ओट्याला टेकून मी खालचा सूर धरते आहे, डुम, डुम, आणि तू लाटणं न थांबवता वर कुठेतरी निघून जातेस. मी तुझ्यामागे घसरले की ओरडतेस, "माझ्यामागे धावू नकोस गं! तू तिथेच थांब, मी येते परत." आणि खरंच यायचीस, पोळी करपायच्या आत.

सातवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये आयांचा कार्यक्रम होता. बाकीच्या आयांनी भावगीतं म्हटली. तू काठापदराची साडी नेसून, चुटक्या वाजवत, ते इंग्रजी गाणं गायलीस. मागून कुणीतरी शू-वा, शू-वा म्हणून चिडवलं, मग अख्खा हॉल हसला. तू गाणं पूर्ण केलंस. बाहेर व्हरांड्यात एका मैत्रिणीने मला विचारलं, "ती तुझी आई का गं?" मी म्हटलं, "छे, शेजारच्या काकू आहेत." तू दोन पावलांवर होतीस, हातात माझी पाण्याची बाटली. मला वाटलं, आता रागावशील. तू पुढे आलीस, बाटली माझ्या हातात दिलीस आणि त्या मुलीसमोरच म्हणालीस, "ही घे बाळ, तुझ्या आईने दिलीय." आणि एकटी घरी निघून गेलीस. संध्याकाळी मी ओट्यापाशी जाऊन हळूच डुम-डुम सुरू केलं. तू कणीक मळत होतीस. "आज नको," म्हणालीस. त्यानंतर मीही कधी सुरू केलं नाही आणि तूही कधी म्हणाली नाहीस. त्या दिवसाबद्दल आपण एक शब्द बोललो नाही. पुढे मी नोकरीसाठी इथे आले, मग तू गेलीस, आणि तो विषय तसाच राहिला.

गोदामात गाणं संपल्यावर मी हात वर केला. का केला, मला अजून नीट सांगता येत नाही. म्हटलं, "मैं जानती हूँ उनको." तो माणूस हसला. त्याला असे दावे करणारे खूप भेटत असणार. "आंटी, आप कैसे बोल सकते हो?" मी त्याला ती रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्या कडव्यात तू वर गेलीस तेव्हा मी बसल्या जागेवरून खालचा सूर धरला. त्या तिघांतल्या सर्वांत जाड आवाजाचा तो सूर होता, ओट्यापाशी शिकवलेला, मध्येच एक श्वास चुकवून घेतलेला. रेकॉर्डवरही तो श्वास तिथेच चुकला होता. त्याने आवाज हळूहळू कमी केला. शेवटी मी एकटीच डुम-डुम करत होते आणि कुणी हसत नव्हतं. "आप कौन हैं उनकी?" त्याने विचारलं. "बेटी," मी म्हटलं. त्याने रेकॉर्डच्या पाकिटावर लावायला एक चिठ्ठी काढली आणि तुझं नाव विचारलं. मी बाबांचं आडनाव सांगितलं, मग खोडायला लावलं आणि तुझं माहेरचं सांगितलं. गायलीस तेव्हा तेच होतं. त्याने तुझ्या माहेरच्या आडनावातल्या ळचा हिंदीसारखा ल केला, तर मी पेन घेऊन स्वतः लिहिलं.

परतताना गाडीत तुझी नात म्हणाली, "ममा, वेअर यू क्राइंग?" मी हो म्हटलं. घरी आल्यावर नवऱ्यालाही तेच सांगितलं, आणि ऑफिसमध्ये दोघीतिघींना. सगळे मायेने वागले, एकीने तर मला मिठी मारली. आई, मी रडले नाही. ती रेकॉर्डवरची वीस वर्षांची मुलगी फार छान गात होती, आणि मी तिला ओळखत नव्हते.