आबांच्या कमरेची आकडी

आडबंदर,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

ती. जानकीअक्कास,

गुरुदासाचा नमस्कार. साष्टांग लिहायची पद्धत आहे, पण माझे गुडघे तू पाहिलेच आहेस. तेव्हा हा उभ्याउभ्या केलेला समज.

इकडे सगळं ठीक. कलमांना मोहोर बरा आलाय, पण सकाळी धुकं पडतं, त्यामुळे जो तो फवारणीवाल्याला देवासारखा शोधतोय. तुमच्या दोडामार्गला काजू कसा आहे? शाळेत परीक्षेचे दिवस आहेत. साप्ताहिकातलं माझं सदर चालू आहे. या खेपेला बंदरावरच्या बंद पडलेल्या सौरदिव्यावर लिहिलं. दिव्याने दखल घेतली नाही, सरपंचांनी घेतली. लोक म्हणाले, मास्तरांची लेखणी म्हणजे सुरी. तिठ्यावरचा चहावाला मंगेश तेवढा वेगळं म्हणाला, "दिव्यार लिवलास? बरा केलास. थंय मार बसत नाय."

फोन सोडून पत्र आलेलं बघून तू आधी कोण गेलं ते शोधलं असशील. कोणी गेलेलं नाही. फोनवर मला जमलं नसतं, एवढंच. शुक्रवारी तू विचारलंस, "गुरू, तू थंय होतंस मां? तू काय बघलंस?" आणि मी म्हटलं, "अक्का, रेंज जाता." रेंज गेली नव्हती. मी फणसाखाली उभा होतो आणि तुझा आवाज बाजूला बसल्यासारखा येत होता.

तुझ्या दीपेशने तुला काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. तिठ्यावर त्याची हेल्मेट तपासणीची ड्युटी होती. नारळ पाडणारा हरिश्चंद्र विनाहेल्मेट आला, त्याने हुज्जत घातली, कमरेच्या कोयतीला हात घातला, म्हणून काठी चालवावी लागली. कागदावरही तसंच आहे. हरिश्चंद्रावर शस्त्राचा धाक दाखवल्याचा गुन्हा दाखल आहे. त्याचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. माडावर चढणाऱ्याचं मनगट, अक्का. आपल्या परसातल्या माडांवर गेली पंधरा वर्षं तोच चढतो.

त्या संध्याकाळी दीपेश आमच्याकडे आला होता. तुझ्या भावजयीने बांगड्याचं तिखलं केलं होतं. त्याने ताट पुढे घेतलं आणि नुसता भात चिवडत बसला. मग म्हणाला, "मामा, त्याने शस्त्राला हात घातला." आपल्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून, तो ऑफिसातलं मराठी बोलला. या घरात तो कधी 'माका जेवक वाढा' सोडून दुसरं काही बोललेला नाही. मी "हं" म्हटलं. तीस वर्षं लिहितोय, त्यातलं माझं सगळ्यात वाईट लिखाण ते.

दुसऱ्या दिवशी ते "हं" मी चार ओळींत लांबवलं आणि खाली सही केली. माझ्या जबाबात आहे की मी पुढे निघून गेलो होतो, मागे काय घडलं ते पाहिलं नाही. जबाब घेणारा म्हणाला, "मास्तरांचं अक्षर काय सुंदर आहे."

आता पाहिलं ते सांगतो.

हरिश्चंद्राच्या आधी तिठ्यावर मी पोचलो. माझ्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं. घरी होतं, तुझी भावजय त्यात कांदे ठेवते. दीपेशने शिट्टी मारायला तोंडाशी नेली, मला ओळखलं, हसला आणि म्हणाला, "मामा, जावा तुम्ही." मी गेलो नाही. पुढे मंगेशच्या टपरीशी गाडी लावून चहा सांगितला. युनिफॉर्ममधला भाचा चार लोकांना दिसावा, आणि त्याचा मामा म्हणून मीही दिसावा, असं वाटलं. भरतीच्या वेळी हाच पोरगा वाळूत पळायचा आणि मी घड्याळ धरून ओरडायचो. निवड झाली तेव्हा तू गावभर खाजं वाटलंस. ते सगळं डोळ्यांपुढे होतं.

मग हरिश्चंद्र आला. दीपेशने त्याला थांबवलं. मागून येताना हरिश्चंद्राने मला तसंच सोडलेलं बघितलं होतं. तो गाडीवरूनच म्हणाला, "धर माका. पण मामाचा डोक्या लोखंडाचा, आणि माझा काय भोपळ्याचा?"

टपरीवर हशा पिकला. त्यात मी होतो. नुसता होतो असं नाही, सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. वाक्य चांगलं होतं, अक्का. असं वाक्य मला आठवडाभर घासून सुचत नाही. दीपेशने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी त्याला कोणी हसलं की व्हायचे तसे.

"लायसन काढ," तो म्हणाला. हरिश्चंद्राने हात मागे नेला. तो लायसनची प्लास्टिकची पिशवी कुठे अडकवतो ते तुला सांगायला नको. आपले आबा तंबाखूची चंची अडकवायचे तिथेच, कमरेमागे बांधलेल्या लाकडी आकडीला, तिच्यात अडकवलेल्या कोयतीच्या शेजारी. पहिली काठी तेव्हा बसली. ती मी समजू शकतो. उन्हात सकाळपासून उभा असलेला माणूस, समोर चार लोक हसताहेत, आणि कोणाचा तरी हात कोयतीकडे जातोय. ती घाबरून मारली असं मी कुठेही सांगेन.

पण कोयती खाली पडली. दीपेशने ती पायाने लांब सारली. हरिश्चंद्राच्या हातात पिशवी होती, तो ती वर धरून "ह्या बघ, ह्या बघ" म्हणत होता. त्यानंतर दोन काठ्या बसल्या, वर धरलेल्या त्याच हातावर. त्या घाबरून मारलेल्या नव्हत्या. त्या मला मारायच्या होत्या, आणि मी मामा होतो.

रविवारी हरिश्चंद्राकडे गेलो. तो खळ्यात बसला होता, डाव्या हाताने माडाच्या झावळीचं चुडत विणायला शिकत होता. मला वाटलं, शिव्या घालील. तो म्हणाला, "मास्तरांनू, तुमी हसलास ता माका ऐकाक इला. बरा वाटला. कोणाक तरी कळला." मग म्हणाला, "माका माझी कोयती व्हयी. बापाशीची आसा. बाकीचा तुमचा तुमी बघा."

ती कोयती शस्त्र म्हणून जप्त आहे. अवजार होती असं कोणी सांगितल्याशिवाय सुटायची नाही, आणि तोही सुटायचा नाही. टपरीवरच्या बाकीच्यांनी काही पाहिलेलं नाही. मास्तरांनीच पाहिलं नाही म्हटल्यावर ते कशाला पाहतील?

येत्या सोमवारी, सतरा तारखेला, या प्रकरणाची चौकशी आहे. अधिकारी घाटावरचे आहेत. पंचनाम्यात 'कमरेस लपवलेले धारदार हत्यार' असं लिहिलंय. कोयती नोंदवली आहे, आकडी नाही. आपल्याकडचा माणूस कोयती लपवत नाही, आकडीला लावून गावभर हिंडतो, हे त्या साहेबांना कोण सांगणार? मी सांगणार आहे. आधीचा जबाब खोटा होता हेही सांगेन, आणि माझं जे व्हायचं ते होईल. हेल्मेट नसल्याचा माझा दंड भरायला काल गेलो होतो. घेईनात. म्हणाले, "तुम्हाला कुठे पकडलंय?"

दीपेशला हे मी शनिवारी समोर बसवून सांगेन. पण त्याच्याआधी तुला. त्याच्या नोकरीवर येईल हे मला कळतं. तू त्याला कसं वाढवलंस हे मी पाहिलंय, आणि तेवढं मात्र पाहिलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

आता मागणं. आबांची आकडी तुझ्याकडे आहे, माजघराच्या दाराआड, खुंटीला. शुक्रवारच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे दे, मी स्टँडवर उभा राहीन. बाजारात दुसरी मिळेल, ते मला माहीत आहे. पण दीपेश लहानपणी आबांची हीच आकडी कमरेला बांधून अंगणात फिरायचा, एकदा झोपेतही सोडेना. साहेबांच्या टेबलावर ती ठेवली की त्याला ऑफिसातलं मराठी बोलता येणार नाही. माझी आशा त्याच्या नोकरीवर नाही, त्या क्षणावर आहे.

पाठवली नाहीस तरी मी सोमवारी जाणारच. आणि पाठवलीस तर कागदात गुंडाळू नकोस. ती कधीच कोणी लपवलेली नाही.

शुक्रवारी स्टँडवर वाट बघणारा,
तुझा भाऊ, आणि अजून त्याचा मामा,
गुरुदास